टू-वे फॉरवर्ड आकड्यांवरून कसा जोखायचा: पायऱ्या, क्रम आणि नेहमीच्या चुका

आइस हॉकीतला एखादा फॉरवर्ड (आघाडीचा खेळाडू) 'टू-वे' आहे, म्हणजे आक्रमण आणि बचाव दोन्ही बाजूंनी खेळतो, असं कोणी म्हटलं, की पुरावा म्हणून बहुतेक वेळा एकच आकडा पुढे केला जातो. कधी प्लस-मायनस (तो बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा संघावर झालेले गोल), कधी फेसऑफची टक्केवारी (खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक, म्हणजे रबरी चकती, किती वेळा जिंकला), आणि हल्ली अपेक्षित गोलांची टक्केवारी. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात आक्रमण आणि बचाव एकमेकांत मिसळलेले असतात. दुसऱ्यात तर दोन्ही जवळपास नसतातच. मग 'टू-वे' हा शब्द नेमका कशाच्या जोरावर वापरला, हे वापरणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून या लेखातला मुख्य नियम आधीच सांगतो. आक्रमण आणि बचाव हे शेवटच्या टप्प्यापर्यंत दोन वेगळ्या रकान्यांत ठेवायचे. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी सगळं शेवटी. आणि टप्प्यांचा क्रम बदलायचा नाही, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातली एखादी भेसळ काढून टाकतो. पहिली गाळणी न लावता चौथ्या टप्प्यावर उडी मारली, तर तिथलं उत्तर चुकीचं असूनही पटणारं दिसतं, आणि ते जास्त घातक.

उदाहरणं एनएचएलची (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची) आहेत, कारण इतक्या तपशिलात खुले आकडे तिथलेच मिळतात.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

एक साधी स्प्रेडशीट उघडा. पहिल्या रकान्यात मापाचं नाव, दुसऱ्यात 'संघाच्या बाजूने', तिसऱ्यात 'संघाविरुद्ध', चौथ्यात शेरा. हा चौथा रकाना रिकामा ठेवू नका. आकडा कुठल्या गाळणीतून आला ते तिथे लिहिलं नाही, तर आठवड्याने तुमचंच पान तुम्हाला वाचता येत नाही.

आकडे घेण्यासाठी नॅचरल स्टॅट ट्रिक आणि मनीपक ही दोन संकेतस्थळं फुकट आहेत आणि सुरुवातीला पुरतात. प्रतिगमनावर (रिग्रेशन या संख्याशास्त्रीय पद्धतीवर) आधारलेली मापं (त्यांच्याबद्दल चौथ्या टप्प्यात) इव्हॉल्व्हिंग हॉकीवर मिळतात. शॉट कुठून आले याचे नकाशे हॉकीव्हिझवर आहेत. फेसऑफ, पेनल्टी आणि शिफ्टची (खेळाडूच्या बर्फावरच्या एका पाळीची) लांबी एनएचएलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सापडते.

शब्द तीनच नीट समजून घ्या. कॉर्सी म्हणजे शॉटचा प्रत्येक प्रयत्न: गोल झालेला, गोलीने (गोलरक्षकाने) अडवलेला, बाहेर गेलेला आणि वाटेत कोणाच्या अंगावर आदळलेला. फेनविक म्हणजे त्यातून अंगावर आदळलेले शॉट वगळून उरलेले. आणि अपेक्षित गोल म्हणजे प्रत्येक शॉटला तो कुठून, कोणत्या कोनातून, कोणत्या प्रकारे, रिबाउंडवर (गोलीकडून परत उसळलेल्या पकवर) की धावत्या हल्ल्यात मारला हे पाहून दिलेली गोल होण्याची शक्यता, आणि त्या शक्यतांची बेरीज.

शेवटची तयारी म्हणजे तुलना कोणाशी करायची ते आधी ठरवणं. लाइन म्हणजे एकत्र खेळणारे तीन फॉरवर्ड: मधला सेंटर आणि कडेचे दोन विंगर. पहिल्या लाइनच्या सेंटरची तुलना इतर पहिल्या लाइनच्या सेंटरशी. विंगर असेल तर विंगरशी. बचावात सेंटर खाली, स्वतःच्या गोलजवळ उतरतो आणि विंगर बहुधा निळ्या रेषेवरच्या (जिथे आपल्या गोलकडचा भाग, म्हणजे आपला झोन, सुरू होतो) समोरच्या संघाच्या बचावपटूंकडे पाहतो. दोघांचं काम वेगळं, म्हणून मोजमापही वेगळं. सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी २००३ मध्ये येरे लेहटिनेन या विंगरने जिंकली, आणि त्यानंतरची वीस वर्षं ती सेंटरांकडेच गेली. त्यामुळे विंगर बचावात कमी पडतात असं ठरत नाही. विंगरचा बचाव डोळ्यांना कमी दिसतो, एवढंच ठरतं.

सावध: अपेक्षित गोलांची प्रत्येक संकेतस्थळाची पद्धत वेगळी असते. एका खेळाडूचा आकडा एकीकडून आणि दुसऱ्याचा दुसरीकडून घेतला, तर ती तुलना राहत नाही. एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच धरा.

## टप्पा १: आधी गाळणी लावा

तीन गाळण्या, याच क्रमाने.

पहिली, ५ विरुद्ध ५, म्हणजे गोली सोडून दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू. पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) आणि पेनल्टी किलचे (आपला खेळाडू बाहेर असतानाच्या बचावाचे) आकडे यात मिसळले, तर प्रशिक्षकाने खेळाडूला कुठे वापरलं ते मोजलं जातं, तो कसा खेळला ते बाजूला राहतं. शेवटी पिछाडीवरचा संघ गोलीला काढून जादा खेळाडू आणतो, तेव्हा रिकाम्या गोलवर झालेले गोलही याच गाळणीत निघून जातात. प्लस-मायनस बिघडतं ते इथेच. पॉवर प्लेवर केलेला गोल त्यात धरत नाहीत, पण रिकाम्या गोलवरचा धरतात. ज्या फॉरवर्डवर प्रशिक्षकाचा सर्वांत जास्त भरवसा, तोच शेवटच्या दोन मिनिटांत बर्फावर असतो. संघ मागे असेल तर रिकाम्या गोलमुळे त्याच्या नावावर उणे चढत जातात आणि पुढे असेल तर अधिक. त्यातलं काहीच त्याच्या बचावाविषयी बोलत नाही.

दुसरी गाळणी, धावफलकानुसार समायोजन. पुढे असलेला संघ मागे सरकून खेळतो आणि पिछाडीवरचा संघ सुचेल तिथून शॉट मारतो. आघाडी राखायला पाठवला जाणारा फॉरवर्ड त्यामुळे कच्च्या आकड्यांत नेहमी वाईट दिसतो. नॅचरल स्टॅट ट्रिकवर धावफलक आणि मैदान या दोन्हींसाठी समायोजित आकड्यांचा पर्याय आहे, तोच घ्या.

तिसरी, मिनिटं. वरच्या दोन लाइनांतला फॉरवर्ड ५ विरुद्ध ५ मध्ये एका सामन्यात साधारण १३ मिनिटं खेळतो. ८२ सामने धरले तर हजाराच्या थोडी वर मिनिटं होतात. मी ५०० मिनिटांच्या खाली कोणाविषयीही ठाम मत देत नाही, आणि शक्य तिथे तीन मोसम घेतो, ताज्या मोसमाला जास्त वजन देऊन.

तपासा: शेऱ्याच्या रकान्यात '५ विरुद्ध ५, समायोजित, अमुक मिनिटं' एवढं लिहिलंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: टक्केवारी झाका, दर उघडा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

अपेक्षित गोलांची टक्केवारी म्हणजे, खेळाडू बर्फावर असताना दोन्ही संघांच्या मिळून जेवढ्या संधी झाल्या, त्यातला आपल्या संघाचा वाटा. आता हिशेबासाठी तीन काल्पनिक सेंटर घेऊ. आकडे ६० मिनिटांमागचे आहेत, आणि लीगची सरासरी दोन्ही बाजूंना २.५५ धरू.

| सेंटर | संघाच्या बाजूने | संघाविरुद्ध | टक्केवारी |
|---|---|---|---|
| अ | ३.३० | २.८० | ५४ |
| ब | २.१० | १.७९ | ५४ |
| क | २.८० | २.३८ | ५४ |

तिघांची टक्केवारी एकच, पण खेळाडू तीन निराळ्या जातीचे. 'अ' बर्फावर असला की दोन्हीकडे संधींचा पूर येतो. त्याचा बचाव सरासरीपेक्षा वाईट आहे, आक्रमणाचा जोर ते झाकतो. 'ब' बर्फावर आला की खेळ थिजतो, दोन्ही बाजूंना काहीच घडत नाही. तो उत्तम बचावात्मक फॉरवर्ड आहे, पण आक्रमणात सरासरीच्या बराच खाली. दोन्ही रकान्यांत सरासरीपेक्षा चांगला आहे तो फक्त 'क'. टू-वे हा शब्द या तिघांत त्याला एकट्यालाच लागू पडतो.

याच तक्त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. निव्वळ फरक काढला तर 'अ' ०.५० ने पुढे, 'क' ०.४२ ने, 'ब' ०.३१ ने. म्हणजे या हिशेबात संघाला सर्वांत जास्त फायदा देणारा टू-वे नाहीच! हे दोन प्रश्न वेगळे आहेत: तो टू-वे आहे का, आणि तो किती मोलाचा आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यासाठी वापरू नका. चाहत्यांचे अर्धे वाद या एका गोंधळातून होतात.

दर लिहिताना कॉर्सी आणि अपेक्षित गोल दोन्ही लिहा. संघाविरुद्धचे प्रयत्न कमी पण अपेक्षित गोल सरासरीइतकेच असतील, तर बचाव क्वचितच फुटतो, पण फुटतो तेव्हा गोलसमोरच फुटतो. उलट प्रयत्न जास्त आणि अपेक्षित गोल कमी असतील, तर तो समोरच्यांना कडेने, लांबून शॉट मारू देतो आणि मधली जागा सोडत नाही. अशा खेळाडूला निव्वळ कॉर्सी पाहणारे लोक वर्षानुवर्षं वाईट ठरवत राहतात.

सावध: संघाविरुद्धच्या रकान्यात आकडा जितका लहान तितका चांगला. काही संकेतस्थळं चार्टमध्ये हे चिन्ह उलटवून दाखवतात, म्हणजे बचावात अधिक म्हणजे चांगलं. चार्ट वाचण्याआधी कोपऱ्यातली खूण वाचा.

## टप्पा ३: झालेले गोल वेगळे काढा

'तो बर्फावर असताना संघावर फक्त ४० गोल झाले' हे वाक्य ऐकायला भक्कम वाटतं. हिशेब करून पाहू. १,००० मिनिटांत, ६० मिनिटांमागे ३० शॉट या दराने, त्याच्यासमोर ५०० शॉट गोलवर आले. मागे उभ्या गोलीने ९२ टक्के अडवले तर ४० गोल, ९० टक्के अडवले तर ५०. फॉरवर्डने काहीही वेगळं न करता दहा गोलांचा फरक. शिवाय गोली तोच राहिला तरी ४० च्या आकड्यात पाच-सहा गोल निव्वळ योगायोगाने इकडचे तिकडे होतात.

फॉरवर्ड बर्फावर असतानाची गोलीची अडवण्याची टक्केवारी एका मोसमातून दुसऱ्या मोसमात टिकत नाही. ती त्याच्या हातात असती तर टिकली असती. म्हणून बचावाच्या रकान्यात झालेले गोल घेऊच नका.

पीडीओ मात्र जरूर पाहा. खेळाडू बर्फावर असतानाची संघाची शॉटची टक्केवारी आणि गोलीची अडवण्याची टक्केवारी यांची ही बेरीज, आणि ती १०० च्या आसपास असते. १०३ असेल तर मोसमाची कहाणी फुगलेली आहे, ९७ असेल तर खेळाडूला विनाकारण शिव्या बसताहेत. आक्रमणाच्या अर्ध्या भागात थोडी सूट द्या. उत्तम नेमबाज आणि पासर बर्फावर असले की शॉटची टक्केवारी थोडी वर राहते आणि ती काही प्रमाणात टिकते. बचावाच्या अर्ध्या भागात फॉरवर्डला सूट नाही.

## टप्पा ४: सोबत कोण, समोर कोण

आतापर्यंतचे सगळे आकडे खरं तर बर्फावरच्या पाच जणांचे आहेत. त्यातून एकाचा वाटा वेगळा करायचा आहे. हा सगळ्यात अवघड टप्पा, आणि म्हणून लोक तो वगळतात.

अ. संघाशी तुलना. आपल्या 'क' सेंटरकडे परत येऊ. त्याच्यासह संघ २.८० आणि २.३८. तो बाकावर असताना संघ, समजा, २.६० आणि २.२५. आक्रमणात तो संघाला वर नेतो, हे स्पष्ट. पण बचावात लीगच्या सरासरीपेक्षा चांगला दिसणारा हाच खेळाडू स्वतःच्या संघात थोडा मागे पडतो. संघच बचावाला भक्कम आहे आणि त्या पद्धतीचं श्रेय त्याच्या खात्यावर जमा झालं होतं. की तो रोज समोरच्या पहिल्या लाइनशी भिडतो म्हणून असं दिसतंय? उत्तर पुढच्या पायऱ्यांत.

आ. सोबत आणि सोबतीशिवाय. लाइनमधल्या प्रत्येक जोडीदारासाठी तीन नोंदी करा: दोघं एकत्र, फक्त आपला खेळाडू, फक्त जोडीदार. एकत्र चांगले आणि जोडीदार एकटाही तितकाच चांगला, पण आपला खेळाडू एकटा घसरतो, तर ओझं कोण उचलतंय ते कळलं. हे एका जोडीदारावरून ठरवू नका, निदान चार-पाच जणांबरोबर तोच नमुना दिसायला हवा. बचावपटूंनाही यात धरा. फॉरवर्डच्या मागे संघातली सर्वोत्तम बचावजोडी सतत असेल, तर त्याचा बचावाचा रकाना उसना असू शकतो.

इथली अडचण म्हणजे न सुटणाऱ्या जोड्या. व्हँकुव्हरचे हेन्रिक आणि डॅनियल सेडिन हे जुळे भाऊ जवळपास सदैव एकत्र खेळले. बॉस्टनमध्ये पॅट्रिस बर्जरॉन आणि ब्रॅड मार्शां दहा वर्षांहून जास्त काळ एका लाइनवर होते. अशा वेळी 'एकटा' या नोंदीतली मिनिटं इतकी थोडी असतात, की त्यांवरून काही ठरवणं अन्यायाचं होतं. जोडी म्हणून जोखा आणि तसं स्पष्ट लिहा.

इ. प्रतिगमनावर आधारलेलं माप. याला आरएपीएम म्हणतात. प्रत्येक छोट्या कालखंडात बर्फावर असलेले दोन्ही संघांचे सगळे खेळाडू, धावफलक, मैदान कोणाचं, शिफ्ट कुठून सुरू झाली हे सगळं एकाच गणितात घालून प्रत्येकाचा वाटा काढतात. ज्यांची मिनिटं कमी त्यांचे आकडे सरासरीकडे ओढले जातात, आणि ते योग्यच आहे. महत्त्वाचं म्हणजे आक्रमण आणि बचाव यांचे दोन वेगळे आकडे मिळतात, आपल्या दोन रकान्यांत थेट बसणारे. एका मोसमाच्या आकड्यावर विसंबू नका, तीन मोसमांचा घ्या. वरच्या दोन पायऱ्या याच्याशी जुळल्या तर मत पक्कं करा. जुळल्या नाहीत तर कुठे फाटा फुटला ते शोधा, तिथेच खेळाडूविषयी काहीतरी नवं कळतं.

ई. प्रतिस्पर्धी आणि झोन. 'त्याला सगळ्या शिफ्ट स्वतःच्याच झोनमधून मिळतात, म्हणून आकडे वाईट' ही सबब फार ऐकू येते. पण निम्म्याहून जास्त शिफ्ट फेसऑफने सुरू होतच नाहीत, खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात. झोनच्या टक्केवारीत तेवढ्या शिफ्ट धरलेल्याच नसतात. त्यामुळे अख्ख्या मोसमात झोनचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो. समोरच्या लाइनचा दर्जाही मोसमभरात बऱ्यापैकी सारखा होत जातो. सोबत कोण आहे याचा फरक मात्र राहतो, आणि तो सगळ्यात मोठा असतो.

तपासा: संघाशी तुलना, सोबत-सोबतीशिवाय आणि आरएपीएम या तिन्हींच्या नोंदी दोन्ही रकान्यांत भरल्या का? तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर शेऱ्यात 'पक्कं' लिहा. दोनच असतील तर 'बहुधा'.

## टप्पा ५: आक्रमणाचा रकाना भरा

हा भाग सोपा आहे. ५ विरुद्ध ५ मध्ये ६० मिनिटांमागे गोल आणि पहिला असिस्ट (गोल करणाऱ्याला दिलेला शेवटचा पास) यांची बेरीज घ्या. दुसऱ्या असिस्टमध्ये योगायोगाचा भाग मोठा असतो, तो वेगळा ठेवा. सगळे गुण (गोल आणि दोन्ही असिस्ट) धरले तर ६० मिनिटांमागे २ च्या वर म्हणजे पहिल्या लाइनची पातळी. त्याचे स्वतःचे अपेक्षित गोल आणि प्रत्यक्ष गोल शेजारी शेजारी लिहा. एका मोसमात गोल बरेच जास्त असतील तर ते पुढच्या मोसमात टिकतील असं धरू नका. चार मोसम सलग जास्त असतील, तर तो खरोखर चांगला नेमबाज आहे.

## टप्पा ६: बचावाचा रकाना भरा, आणि फसवे आकडे बाहेर ठेवा

हिट (अंगाची धडक), ब्लॉक (शॉट अंगाने अडवणं), टेकअवे (पक हिसकावणं) आणि गिव्हअवे (पक गमावणं) या चार आकड्यांवरून बचाव जोखण्याचा मोह सोडा. हे आकडे प्रत्येक मैदानावर बसलेले नोंदनीस हाताने टिपतात आणि त्यांच्या सवयी वेगळ्या असतात. एका मैदानावर ज्याला टेकअवे म्हणतात ते दुसऱ्या मैदानावर कोणी लिहूनही घेत नाही. पाहायचेच असतील तर फक्त परगावच्या सामन्यांतले पाहा, तिथे वेगवेगळ्या नोंदनिसांचा कल बराचसा एकमेकांना छेद देतो. ब्लॉक आणि हिट यांचा आणखी एक दोष आहे: पक समोरच्याकडे असल्याशिवाय ते करताच येत नाहीत. ज्याच्या नावावर खूप ब्लॉक आहेत तो धाडसी नक्कीच असेल, पण त्याचा संघ फार वेळ स्वतःच्या झोनमध्ये अडकलेला असतो.

त्याऐवजी झोनमधला प्रवेश आणि बाहेर पडणं यांच्या नोंदी शोधा. कोरी श्नायडर सामने पाहून हाताने या नोंदी करतात, ऑल थ्री झोन्स या नावाने. पक ताब्यात ठेवून निळी रेषा ओलांडली, तर पक आत टाकून मागे धावण्यापेक्षा साधारण दुपटीहून जास्त शॉट मिळतात. म्हणजे बचावाचं पहिलं काम गोलसमोर सुरूच होत नाही. ते निळ्या रेषेवर सुरू होतं, बऱ्याचदा त्याच्याही आधी, मधल्या झोनमध्ये.

पण इथे एक अन्याय होतो. फॉरवर्ड मागून जोरात स्केटिंग करत पकवाल्याच्या पाठीला लागतो. त्या दबावामुळे आपला बचावपटू निर्धास्तपणे रेषेवर उभा राहतो आणि पकवाल्याला पक आत टाकावा लागतो. नोंदीत प्रवेश अडवल्याचं श्रेय बचावपटूला जातं, फॉरवर्डचं नावही येत नाही. अशा कामाचा माग फक्त बर्फावरच्या दरांत आणि आरएपीएममध्ये लागतो. झोनच्या नोंदींत फॉरवर्डचा बचाव रिकामा दिसला म्हणून तो नाही असं समजू नका.

स्वतःच्या झोनमधून पक ताब्यात ठेवून बाहेर पडणं मात्र फॉरवर्डच्या नावावरच येतं, आणि टू-वे फॉरवर्ड ओळखायला माझा सर्वांत आवडता आकडा हाच. आक्रमण आणि बचाव यांचा सांधा तिथे आहे.

## टप्पा ७: पेनल्टी किल, पेनल्टी, फेसऑफ

पेनल्टी किलवर दर सामन्याला २ मिनिटं धरली तर मोसमात १६४ मिनिटं होतात, जेमतेम पावणेतीन सामने. एवढ्याशा वेळात झालेल्या गोलांवरून काही ठरवता येत नाही. संघाविरुद्धचे प्रयत्न आणि अपेक्षित गोल यांचे दर घ्या, दोन-तीन मोसम मिळून, आणि तोच संघ त्याच्याशिवाय किल करतो त्याच्याशी तुलना करा.

पेनल्टींचा हिशेब लोक विसरतात आणि तो सरळ गोलांत मोजता येतो. पॉवर प्ले साधारण पाचातून एकदा यशस्वी होतो. मोसमात २५ पेनल्टी मिळवल्या आणि १५ घेतल्या, तर दहाचा फायदा, म्हणजे दोन गोलांच्या थोडं आत. शांतपणे मिळवलेले दोन गोल!

फेसऑफचं वजन खूप कमी ठेवा. १,२०० फेसऑफ घेणाऱ्या सेंटरने ५० ऐवजी ५५ टक्के जिंकले, तर मोसमात ६० जास्त, सामन्यामागे एकही पूर्ण नाही. आणि जिंकलेला पक काही सेकंदांत पुन्हा हरवलेला असतो.

सावध: ५८ टक्के फेसऑफ जिंकणारा सेंटर आणि चांगला बचाव करणारा सेंटर हा एकच माणूस आहे असं गृहीत धरू नका. तसं असेल तर ते दुसऱ्या टप्प्याच्या तिसऱ्या रकान्यात दिसेलच.

## टप्पा ८: आता व्हिडिओ, पण आधी नाही

आकड्यांच्या आधी व्हिडिओ पाहिला तर डोळे आपल्या मताला पुरावे गोळा करत बसतात. आकड्यांनंतर पाहिला तर तुमच्याकडे नेमका प्रश्न असतो.

खुल्या आकड्यांत एक मोठी पोकळी आहे. शॉट कुठून आला ते अधिकृत नोंदीत असतं, पण त्याआधीचा पास कुठून कुठे गेला ते नसतं. गोलच्या मध्यातून सरळ वर जाणारी एक काल्पनिक रेषा धरा. त्या रेषेपलीकडे पास गेला की गोलीला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकावं लागतं आणि तेवढ्यात शॉट आला तर तो फार धोक्याचा. जो फॉरवर्ड हा पास होऊच देत नाही, त्याच्या नावावर कुठेच काही लिहिलं जात नाही. ते बघायलाच हवं.

तीन पूर्ण सामने निवडा, गोलांच्या क्लिप नव्हेत. पकवर नजर ठेवू नका, फक्त त्याच्यावर ठेवा. एक शिफ्ट अशी दिसते: समोरच्या झोनमध्ये त्याच्या विंगरचा पास कापला जातो. पहिली तीन पावलं पाहा. तो वळण घेत, वेग राखत फिरतो की थांबून सरळ स्वतःच्या गोलच्या दिशेने निघतो? निळ्या रेषेजवळ येताना मान वळवून मागे कोण आहे ते बघतो का? गोलसमोर पोचल्यावर त्याची स्टिक बर्फावर, पासच्या वाटेत सपाट पडलेली आहे, की कमरेशी? पक कोपऱ्यात गेला. आपल्या बचावपटूने तो मिळवला आणि मान वर केली, तेव्हा हा मध्ये, दहा-बारा फुटांवर, स्टिक मांडून उभा आहे का? की पक सुटायच्या आधीच मधल्या झोनकडे पळालाय?

हे पाच प्रश्न आणि प्रत्येक शिफ्टला हो किंवा नाही. तीन सामन्यांत साठेक शिफ्ट होतात. मान वळवण्याच्या रकान्यात पन्नास वेळा 'हो' आलेला खेळाडू एकदा पाहिला की फॉरवर्डचा बचाव म्हणजे काय ते कायमचं कळतं.

तपासा: व्हिडिओमुळे आधीचा एखादा आकडा बदलावासा वाटतोय का? बदलू नका. शेऱ्यात लिहा. आकडा आणि डोळे यांत मतभेद असेल तर तो मतभेद नोंदवणं हेच प्रामाणिक उत्तर.

## टप्पा ९: निकाल लिहा

आता, आणि आताच, दोन्ही रकाने एकत्र आणा. आरएपीएमचे आकडे मिनिटांशी गुणून गोलांत बदला. आपल्या 'क' सेंटरचं आक्रमण सरासरीपेक्षा ६० मिनिटांमागे ०.१२ ने चांगलं आणि बचाव ०.०८ ने चांगला निघाला असं धरू. ०.२० चा फायदा, १,१०० मिनिटं, म्हणजे ५ विरुद्ध ५ मध्ये साडेतीन ते चार गोल. त्यात पेनल्टींचा फायदा आणि पेनल्टी किलचा अंदाज वेगळ्या ओळींत जोडा.

मग चार वाक्यं लिहा: आक्रमण, बचाव, खात्री किती, आणि काय दिसलं तर मत बदलेल. 'क' साठी ती अशी असतील:

"आक्रमण सरासरीपेक्षा स्पष्टपणे चांगलं, तिन्ही मापांत आणि पाच वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. बचाव सरासरीपेक्षा थोडा चांगला. संघाशी तुलनेत मागे दिसतो, पण सोबती आणि प्रतिस्पर्धी दोन्ही धरणाऱ्या आरएपीएममध्ये ती तूट भरून निघते. आक्रमणाबद्दल 'पक्कं', बचावाबद्दल 'बहुधा', कारण निम्म्याहून जास्त मिनिटं एकाच बचावजोडीबरोबर आहेत. ती जोडी बदलल्यावर ३०० मिनिटांत संघाविरुद्धचे अपेक्षित गोल २.६० च्या वर गेले, तर टू-वे हा शब्द मागे घ्यायचा."

पानाच्या वर तारीख टाका, आकडे कुठून घेतले ते संकेतस्थळाचं नाव लिहा, आणि ती ३०० मिनिटं कोणत्या महिन्यात पूर्ण होतील ते कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवा.